पोर्तुगालला चाललोय, तिकडच्या बाटलीवर द्राक्षाचं नावच नसतं का? नक्की कुठला भाग बघावा?

घाटावरचा_जावई:
मंडळी नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दिवस पोर्तुगालला चाललोय, मी, बायको आणि सासरे. लिस्बनला उतरायचं आणि पोर्तोहून परत. चर्च, किल्ले, ट्राम, सिंत्राचे राजवाडे हे सगळं बायकोने एक्सेलमध्ये बसवून टाकलंय, त्यात मला बोलायला जागा नाही, मला मिळालेत तीन दिवस "तुझ्या त्या वाईनसाठी". आता माझं पोर्तुगीज वाईनचं ज्ञान म्हणजे कॉलेजच्या ट्रिपला गोव्यात प्यायलेली पोर्ट वाईन, जी खोकल्याच्या औषधासारखी लागली होती, बस. आपल्या नाशिकच्या बाटलीवर कसं सरळ लिहिलेलं असतं, शिराझ, शेनिन ब्लां, कॅबरने, माणसाला कळतं आपण काय उघडतोय. परवा मुंबईत एका दुकानात पोर्तुगालच्या दोन बाटल्या दिसल्या, एकीवर मोठ्या अक्षरात डाओ आणि दुसरीवर डोरो, द्राक्षाचं नाव पुढे नाही मागे नाही, दुकानदाराला विचारलं तर म्हणाला "रेड आहे सर". बरं.

सासरे निफाडचे, साडेचार एकर थॉमसन द्राक्ष आहे, स्वतः थेंब घेत नाहीत पण बाग बघायची म्हणून तयार झालेत. त्यामुळे नुसत्या टेस्टिंग रूममध्ये बसून चालणार नाही, त्यांना बांधावर उभं करायला लागेल. तर कुठला भाग, कुठली द्राक्षं, आणि येताना काय आणावं, जाणकारांनी सांगा.

ब्रागाकर_ताई:
मी सहा वर्षं ब्रागात आहे, पोर्तोहून तासभर वर. पहिलं म्हणजे ते डाओ नाही, दाँव. जुगारातला डाव नाकातून म्हणायचा, झालं. आणि डोरोला इथले लोक दोरू म्हणतात, पण तुम्ही डोरो म्हणालात तरी कोणी रागावणार नाही, मीही इथे डोरोच लिहिते.

द्राक्षाचं नाव का नसतं, तर बऱ्याच वेळा त्या बाटलीत एक द्राक्ष नसतंच. डोरोमधल्या जुन्या बागांत एकाच तुकड्यात वीस-वीस, तीस-तीस जाती मिसळून लावलेल्या असतात, कुठली लवकर पिकते, कुठली उशिरा, एखादीवर रोग पडला तर दुसरी तरते, आणि सगळं एकदम तोडून एकत्रच आंबवायचं. मालकाला विचारलं की ही वेल कुठली तर तो पण दोन मिनिटं पानं उलटीपालटी करून बघतो. असं बघा की रायवळ आंब्याच्या राईत शिरून प्रत्येक झाडाचं नाव विचारल्यासारखं आहे. देशी जातीच 250 च्या वर आहेत आणि देश आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश पण नाही. त्यात एकाच द्राक्षाला गावागणिक वेगळं नाव. स्पेनवाल्यांचं टेंप्रानीयो डोरोमध्ये टिंटा रोरीज होतं आणि खाली आलेंतेजोमध्ये आरागोनेझ. म्हणून इथे बाटली घेताना माणूस आधी प्रांत बघतो. नवीन पिढी एकेका जातीची वाईन काढते, तेव्हा नाव असतं लेबलवर, पण ते अलीकडचं.

नावं मात्र एकेक ऐकण्यासारखी. एक आहे एश्गाना काँव, म्हणजे कुत्र्याचा गळा आवळणारं, इतकं आंबट. एक राबो द ओव्हेल्या, मेंढीची शेपटी, घड तसा लोंबतो म्हणून. आणि बिकाल नावाच्या पांढऱ्या द्राक्षाला दाँवमध्ये बोराडो दास मोश्कास म्हणतात, माशीची घाण, कारण पिकलं की मण्यावर तपकिरी ठिपके येतात. हे लेबलवर लिहिलं तर कोण विकत घेईल तुम्हीच सांगा.

आता भाग. तुमच्याकडे तीन दिवस आहेत तर डोंगराची एक गोष्ट समजून घ्या, बाकी आपोआप कळेल. आपल्याकडे कोकणात धो धो पाऊस आणि घाट चढून पलीकडे गेलं की माणदेश कोरडा ठाक, तसंच इथे आहे. समुद्राच्या बाजूला आमचा विन्हो व्हेर्दचा प्रदेश, ब्रागात वर्षाला 1400 मिलीमीटरच्या वर पाऊस, सगळं हिरवंगार. मध्ये मराँव नावाचा डोंगर. तो ओलांडला की डोरो, आणि स्पेनच्या हद्दीकडे जाल तसा पाऊस 400 मिलीमीटरच्या आसपास येतो. तिकडची म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

विन्हो व्हेर्द म्हणजे हिरवी वाईन नाही बरं का, हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. हिरवी म्हणजे कोवळी, लवकर प्यायची. हलकी, आंबटसर, अल्कोहोल कमी, स्वस्तातल्या बाटलीत थोडा गॅस सोडलेला असतो, उन्हाळ्यात बरी वाटते. लोरेरो हे द्राक्ष फुलांसारखं वास देतं, आणि अगदी वर स्पेनच्या हद्दीला मोंसाँव आणि मेल्गासूच्या पट्ट्यात आल्व्हारिन्हो, ती मात्र खरी मोठी वाईन, चार-पाच वर्षं ठेवलीत तर अजून छान होते. तुमच्या सासऱ्यांना इथे एक गोष्ट आवडेल. जुन्या पद्धतीत वेली उंच मांडवावर नाहीतर थेट झाडांवर चढवायचे, शेताच्या कडेकडेने, म्हणजे खाली मका, कोबी, बटाटा घेता येतो. गरिबांचा प्रदेश, जमिनीचे तुकडे एवढे एवढेसे, द्राक्षासाठी अख्खी जमीन कोण देणार. अजून खेड्यात दिसतात असे मांडव.

तरी पहिल्यांदा येताय तर डोरोच करा. पोर्तोच्या साँव बेंतू स्टेशनवरून गाडी पकडा, अडीच तासांत पिन्याँवला पोचता, अर्धा रस्ता नदीच्या काठाकाठाने. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने चाखायचं नाही, रस्ता सगळा वळणावळणाचा आहे आणि पोलीस फुंकर मारायला लावतात.

डिचोलीचो_पाव:
जावईबापू, तुम्ही कॉलेजात गोव्यात जी प्यायलात ती पोर्तुगालची नव्हेच. ती आमच्याकडची साधी गोड वाईन, नाव तेवढं पोर्ट. युरोपात डोरोच्या हद्दीबाहेरच्या वाईनला पोर्ट म्हणायची सोय नाही, आमच्याकडे दारूच्या दुकानापासून घरच्या ख्रिसमसपर्यंत सगळ्या गोड लाल वाईनला पोर्टच म्हणतात. त्यामुळे तिच्यावरून पोर्तुगालला नापास करू नका, आणि आमची पण टिंगल नको, बेबिंकासोबत ती बरी लागते 🙂

आणखी एक, तिकडे बायराडा म्हणून भाग आहे, तिथल्या मुख्य लाल द्राक्षाचं नाव बागा. ऐकून मी पहिल्यांदा खो खो हसलो. आमच्या बीचशी संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे बारकं फळ, बोरासारखं.

ओझर_बागायतदार:
सासरे निफाडचे म्हटल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी स्वतः गेलो नाही तिकडे, पण आमच्या ग्रुपमधले चार जण जाऊन आले, त्यांचे व्हिडिओ आणि गप्पा यावर सांगतो. पहिलं म्हणजे पाटलांना (तुमच्या सासऱ्यांना) आधीच सांगून ठेवा की घड बघून नाराज होऊ नका. आपल्याकडे एकरी दहा-बारा टन काढायची सवय, मणी अठरा एमएम पाहिजे, आणि ते तौरीगा नासियोनाल म्हणून त्यांचं सगळ्यात भारी द्राक्ष, त्याचा मणी ज्वारीपेक्षा जरा मोठा म्हणा (थोडं वाढवून सांगतोय, पण बारीक असतो). पोर्टसाठी तर कायद्यानेच हेक्टरी 55 हेक्टोलिटरच्या वर काढायचं नाही, म्हणजे एकरी साधारण तीन टन द्राक्ष, आणि जुन्या वेलींवर तेवढं पण लागत नाही. साल जास्त आणि रस कमी हेच त्यांना हवं असतं, कारण रंग आणि तुरटपणा सालीत. आपलं गणित बरोबर उलटं.

दुसरं, त्यांची छाटणी वर्षातनं एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपली एप्रिलची आणि ऑक्टोबरची छाटणी सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही म्हणे. आपल्याकडे थंडीच नाही तर वेल झोपणार कधी.

तिसरं आणि महत्त्वाचं, खुंट, म्हणजे ज्या मुळावर आपली जात कलम करतो ते. आपण डॉगरीज हा खुंट लावतो ते खारं पाणी, चुनखडी, दुष्काळ यासाठी. त्यांनी खुंट लावला तो नाइलाजाने. 1860 च्या दशकात फायलोक्झेरा नावाची मावा-टाईप कीड डोरोमध्ये घुसली, मुळं खाते, आणि बागाच्या बागा बसल्या. शेवटी अमेरिकेच्या जंगली वेलीच्या खुंटावर आपली जात कलम करायची हा उपाय निघाला, कारण त्या मुळांना ती कीड मारू शकत नाही. डोरोच्या उतारांवर अजून ओसाड पडलेल्या ताली दिसतात, दगडी बांध तसेच, मध्ये नुसती झुडपं, त्या तेव्हाच्या. परत कोणी लावल्याच नाहीत. आमच्यातल्या एकाने व्हिडिओ काढला होता, बघून आम्ही सगळे जरा गप्पच झालो, कारण बाग जाणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

विद्यार्थी_होतो_कधीतरी:
ताईंनी छान लिहिलंय पण मी थोडा विरोधी सूर लावतो. मी कोइंब्राला चार वर्षं पीएचडी केली (संपली एकदाची). डोरो सुंदर आहे, वादच नाही, 2001 पासून युनेस्कोच्या यादीत पण आहे, पण सप्टेंबरात तिथे बोटी भरभरून लोक येतात आणि टेस्टिंगचे दर बघून तुम्हाला नाशिकचा वीकेंड स्वस्त वाटेल. तीनातला एक दिवस तरी दाँवला द्या. व्हिझेव गावाच्या आजूबाजूचा प्रदेश, चारी बाजूंनी डोंगर, खाली ग्रॅनाइट, पाईनच्या झाडीत मध्येच द्राक्षाचे तुकडे, लांबून कळत पण नाही बाग आहे म्हणून. ती तौरीगा नासियोनाल मूळची दाँवचीच असं इथले ठामपणे सांगतात आणि डोरोवाले मान्य करत नाहीत, आपल्याकडे हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, तशातला प्रकार. डोरोत तिच्या वाईनला अंगपिंड येतं, दाँवमध्ये ती सडपातळ होते, वासाला जांभळ्या फुलांसारखी. आणि पांढऱ्यात एन्क्रुझादू प्या, नाव लक्षात ठेवा, बाकी कुठेही फारसं मिळणार नाही.

दाँवचं नाव मध्ये खराब झालं होतं त्याला कारण आहे. हुकूमशहा सालाझारच्या काळात तिथल्या शेतकऱ्याने द्राक्षं सहकारी संस्थेलाच घालायची असा कारभार होता, खाजगी माणसाला द्राक्षं विकत घेऊन वाईन करायची मुभाच नाही. आता सहकारात स्पर्धा नसली की काय होतं ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. 1986 ला देश युरोपियन समुदायात गेला आणि त्यानंतर ती मक्तेदारी सुटली, तेव्हापासून चांगल्या वाईन यायला लागल्या.

बायराडा वाटेतच आहे, लिस्बन पोर्तो गाडी तिथूनच जाते. चिकणमाती, समुद्राची दमट हवा, त्यात बागा हे द्राक्ष उशिरा पिकतं, पाऊस आधी आला की कुजतं, नाही आला तर अशी काही वाईन होते की वीस वर्षं हात लावू नये. तरुणपणी ती जिभेला सालपटं काढते, पेरू कच्चा खाल्ल्यासारखं. तिथले लोक ती भाजलेल्या डुकराच्या पिल्लासोबत पितात, मेल्याडा गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच हॉटेलं. सासरे माळकरी असतील तर तिकडे गाडी थांबवू नका.

घाटावरचा_जावई:
बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांना धन्यवाद. सासरे माळकरी नाहीत, बायको मात्र पूर्ण शाकाहारी, त्यामुळे मेल्याडा कॅन्सल 😅 ओझरवाल्या भाऊंचा मेसेज सासऱ्यांना वाचून दाखवला, ते एकच वाक्य बोलले, "तीन टनात घर कसं चालतं त्यांचं?" आता याचं उत्तर कोणी द्या.

आणि अजून दोन शंका. पोर्ट इतकी गोड आणि कडक का असते, साखर घालतात का? आणि लिस्बनच्या बाजूला काहीच नाही का, तिकडे पहिले चार दिवस मी नुसते राजवाडे बघत बसू का?

ब्रागाकर_ताई:
साखर नाही घालत हो. द्राक्षं आंबायला लागली की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षाचीच 77 टक्क्यांची स्पिरिट ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. चांगल्या ठिकाणी अजून दगडी हौदात पायांनी तुडवतात, लगार म्हणतात त्याला. खांद्याला खांदा लावून रांगेत, एक दोन एक दोन, दोन तास, आणि मग गाणी लावून मोकळा नाच. तुम्ही येताय तेव्हा तोडणी चालूच असेल, आधी मेल टाकलात तर काही बागा पाहुण्यांना उतरू देतात हौदात. जुनी चड्डी न्या, डाग जात नाही.

हे सगळं इंग्रजांच्या पायी झालं. त्यांचं फ्रान्सशी वाकडं, 1703 च्या तहात पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा कमी ठेवली, मग मागणी वाढली, जहाजात टिकावी म्हणून थोडी स्पिरिट घालायला लागले. मागणी वाढली तशी भेसळ पण. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळायचे. शेवटी मार्केस द पोंबाल, तोच ज्याने 1755 च्या भूकंपानंतर लिस्बन परत उभं केलं, त्याने 1756 मध्ये डोरोची हद्दच आखून दिली, ग्रॅनाइटचे खांब पुरले, आतली तेवढी पोर्ट, आणि एल्डरबेरीची झुडपं उपटायला लावली. ते खांब अजून काही ठिकाणी उभे आहेत. सासऱ्यांना खांब नक्की दाखवा, मोजणीचा दगड शेतकऱ्याला लगेच कळतो.

घर कसं चालतं हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर असं की छोट्यांचं नीट चालत नाही. इथे प्रत्येक तुकड्याला ए पासून एफ पर्यंत ग्रेड असते, उंची, उतार, माती, वेलीचं वय असं सगळं बघून, आणि त्या ग्रेडप्रमाणे दरवर्षी ठरतं की तुमच्या किती द्राक्षांची पोर्ट होऊ शकते. तेवढ्याला बरा भाव, उरलेली साध्या वाईनला जातात, तिथे भाव पडलेला. माझ्या शेजारच्या आजोबांचे दोन तुकडे आहेत तिकडे, ते दर सप्टेंबरात शिव्या देत जातात आणि शिव्या देत परत येतात.

लिस्बन. तुमच्या बायकोच्या एक्सेलमध्ये सिंत्रा आहे ना, मग झालंच की. सिंत्राच्या पुढे समुद्राला लागून कोलारेस आहे, वाळूतल्या बागा. ओझरचे भाऊ जी कीड म्हणतायत तिला वाळूत जगता येत नाही, म्हणून तिथल्या वेली आजही स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. उभ्या म्हणजे काय, आडव्या, वाऱ्यामुळे वाळूवर सरपटतात, घड टेकू नयेत म्हणून खाली काठ्या लावतात. लाल द्राक्ष रामिश्कू. लावताना आधी वाळूत खोल खड्डा खणून खालच्या चिकणमातीपर्यंत पोचायला लागतं. बागा थोड्याच उरल्यात कारण तिथे प्लॉट पाडून बंगले बांधायला जास्त पैसे मिळतात. तुम्ही पुण्याचे असाल तर जास्त समजावत नाही.

ओझर_बागायतदार:
स्वमुळावरच्या बागा अजून आहेत? हे माहीत नव्हतं. फोटो काढून आणा भाऊ, मुळाच्या जवळचा.

विद्यार्थी_होतो_कधीतरी:
लिस्बनहून खाली एव्होराला पण जाता येतं, दीड तास. आलेंतेजो प्रांत, सपाट, तापलेला, बुचाची झाडं. जगातला निम्मा बूच पोर्तुगालमधून येतो आणि त्या झाडाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात, काढली की खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. तिथली खरी मजा म्हणजे ताल्या, सरळ आपला रांजण. माणसाएवढे मातीचे रांजण, आतून पाईनची राळ फासलेली, त्यात द्राक्षं सालीसकट टाकायची, साली खाली बसेपर्यंत थांबायचं, आणि 11 नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी तळाला तोटी ठोकून प्यायची. रोमन काळापासून चालू आहे. तुम्ही सप्टेंबरात जाताय म्हणजे रांजण नुकते भरत असतील, नुसता घुमणारा वास मिळेल. इथलं गाजलेलं लाल द्राक्ष आलिकांते बूशे, मूळ फ्रान्सचं, तिकडे फार मान नाही त्याला, इथे येऊन मोठं झालं. कापलं तर आतला गर पण लाल.

डिचोलीचो_पाव:
आणायचं काय ते कोणी सांगितलंच नाही. माझं मत मडेरा. समुद्रात आफ्रिकेच्या बाजूला बेट आहे त्यांचं, तिथली. पूर्वी पिंपं जहाजावर चढवायचे, ती गरम कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत यायची, आणि लक्षात आलं की फिरून आलेली वाईन जास्त चांगली. तिला नावच पडलं विन्हो दा रोदा, फेरी मारून आलेली. मग फेरीचा खर्च वाचवायला बेटावरच गरम करायला लागले, भारीतली माळ्यावर उन्हाच्या उबेत वर्षानुवर्षं ठेवतात. ताईंनी ते कुत्र्याचा गळा आवळणारं द्राक्ष सांगितलं ना, तेच तिथे सेर्सियाल, त्याची सगळ्यात कोरडी, मग व्हेर्देलो, मग बुआल, आणि माल्व्हाझिया सगळ्यात गोड. आधीच इतकी शिजून निघालेली असते की उघडून कपाटात सहा महिने ठेवली तरी ढिम्म. आपल्या उन्हाळ्याला हीच टिकेल.

ब्रागाकर_ताई:
अगदी बरोबर. फक्त कस्टमचं बघा, माणशी दोन लिटर, आणि बाटल्या चेक-इन बॅगेत. सासरे पीत नाहीत पण त्यांचे दोन लिटर मोजले जातात, हे तुम्हाला सुचलं असेलच. पोर्ट घ्यायची तर वीस वर्षांची टॉनी घ्या, लाकडात राहून सुकामेव्यासारखी होते, उघडल्यावर महिनाभर चालते. व्हिंटेज पोर्ट (एकाच चांगल्या वर्षाची) महाग आणि उघडली की दोन दिवसांत संपवायला लागते, एकट्या माणसाचं काम नाही.

घाटावरचा_जावई:
ठरलं मग. सिंत्राच्या दिवशी कोलारेस (बायकोला अजून सांगितलं नाही), एक दिवस दाँव, दोन दिवस डोरो. आलेंतेजो पुढच्या वेळी नोव्हेंबरात. काल रात्री सासऱ्यांना मोबाईलवर पिन्याँवचे फोटो दाखवले, तो सगळा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा. चष्मा लावून बराच वेळ झूम करून बघत होते. मला वाटलं सुंदर बिंदर म्हणतील. म्हणाले, "ट्रॅक्टर कुठून चढतो?"

ब्रागाकर_ताई:
जुन्या तालींवर नाही चढत. खेचर, नाहीतर माणूस. खेचरं पण आता कमीच राहिलीत.

ओझर_बागायतदार:
पाटलांना सांगा, फवारणी कशी करतात तेवढं विचारून या.